स्लिपवर नसलेले चारशे पंचावन्न पौंड

वेंडी सॉवर्बीने पहिल्या पगाराची स्लिप कँटीनच्या टेबलावर आपटली तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो, हे आधीच सांगून टाकतो.

"ताशी सव्वीस पौंड ठरले होते," ती म्हणाली. "चाळीस तास भरले मी. एक हजार चाळीस होतात. हातात आले सातशे अकरा! मधले कुणी खाल्ले?"

"छत्रीने," डेस टास्कर म्हणाला. "पाऊस पडो न पडो, छत्रीचं भाडं द्यावंच लागतं, पोरी."

ग्रिम्सबीच्या गोदीवर आम्ही समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पोलादी पाय जोडतो. यार्डात राबतो, पण यार्डाचे नोकर नाही. एजन्सी काम शोधून देते, यार्ड तिला पैसे देतं, ती ते एका तिसऱ्याच कंपनीला देते, आणि ती कंपनी कागदोपत्री आमची मालक होऊन आम्हाला पगार देते. अम्ब्रेला कंपनी म्हणतात तिला. आम्ही नुसतं छत्री म्हणायचो.

वेंडीला हे सगळं नवं होतं. त्रेपन्न वर्षांची बाई, नदीपलीकडच्या जुन्या यार्डात सव्वीस वर्षं कायम नोकरीत काढलेली. ते यार्ड बंद पडलं. वेल्डिंगचे जोड तपासणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नव्हता. तिला इथे आणलं डेसनेच. अठराव्या वर्षी तिच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगची टॉर्च दिली तीही त्यानेच. आता तो एकसष्टचा होता, आणि यार्डात त्याचा शब्द खाली पडत नसे.

जेवण झाल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं आणि फोनवर बँकेचा आकडा दाखवला. आठशे चौऱ्याहत्तर.

"तेवढेच तास, तोच दर," तो म्हणाला. "फक्त छत्री दुसरी. गार्थविक. हे कीथला विचार, तो वर्षभर आहे त्यात."

कीथ म्हणजे मी. मी मान डोलावली.

"आणि टॅक्स?" तिने विचारलं.

"सगळा कापून येतो. स्लिप मिळते की दर आठवड्याला. शुक्रवारपर्यंत नाव दिलंस तर पुढच्या आठवड्यापासून सुरू."

आम्ही चौदा जण होतो गार्थविकमध्ये, डेस धरून. माणूस आणला की डेसला दीडशे पौंडांचं व्हाउचर मिळायचं. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं. आपलंही भलं होतंय, मग त्याने दीडशे घेतले तर घेऊ देत.

वेंडीने घराचा हप्ता धरताना आठवड्याला आठशेच्या वर हातात येतील असा हिशेब केला होता. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, दुसरी मिळकत नाही. ऑक्टोबर लागला होता आणि तिचा बॉयलर बंद पडला होता. शुक्रवारी दुपारी तिने गाडीत बसून फोनवर सही केली. बारा पानं होती. तिने एकही वाचलं नाही. हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि पुढचं बरंचसंही.

तीन आठवडे छान गेले. बॉयलर आला. चौथ्या रविवारी तिची नणंद मोरीन जेवायला आली. मोरीनने तीस वर्षं एका मासळीच्या कारखान्यात पगार काढले होते. चारशे लोकांचे, तेही सुरुवातीची कित्येक वर्षं हाताने. वेंडीने तिला कौतुकाने दोन्ही स्लिपा दाखवल्या, जुन्या छत्रीची आणि नव्या छत्रीची.

मोरीनने चष्मा चढवला. ताट बाजूला सरकवलं. दोन्ही स्लिपा शेजारी ठेवून वाचल्या.

"ही जुनी स्लिप बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली.

"बरोबर? अगं, तीनशे एकोणतीस पौंड गेले त्यात!"

"गेले, पण कुठे गेले ते एकेक लिहिलंय. हे बघ. सव्वीस पौंड हा तुझा पगार नव्हताच मुळी. तुझ्यासाठी एजन्सी छत्रीला ताशी जे सगळं मिळून देते ते सव्वीस. आठवड्याच्या एक हजार चाळीसमधून छत्रीने आधी स्वतःचे बावीस घेतले. मग मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा, एकशे वीस. तू कायम नोकरीत होतीस तेव्हाही तो भरला जायचाच, पण मालक परस्पर भरायचा, तुझ्या स्लिपवर यायचा नाही. इथे मालक छत्री, आणि छत्रीकडे तुझ्या सव्वीसखेरीज दमडी नाही. मग भरणार कुठून? त्याच पैशातून. हे साडेचार पौंड शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाचा कर, तोही मालकाचाच. हे सगळं जाऊन राहिले आठशे चौऱ्याण्णव. तो तुझा खरा पगार. त्यावर तुझा टॅक्स एकशे तीस, तुझा विमा बावन्न. उरले सातशे अकरा."

"म्हणजे मालकाचा विमाही मीच भरते नि माझाही मीच?"

"पैसा एकाच खिशातून जातो म्हटल्यावर, हो. आणि हे पण बघ, या आठशे चौऱ्याण्णवमध्ये शहाण्णव पौंड सुट्टीचे आहेत. दर आठवड्याला आधीच देऊन टाकतायत. नाताळात घरी बसलीस तर एक पेनी येणार नाही, तेव्हा बाजूला टाकत जा. एजन्सीने तुला आधी एक पान द्यायला हवं होतं, हा सगळा हिशेब मांडलेलं."

ते पान आलं होतं. पहिल्या ईमेलला जोडलेलं होतं. वेंडीने उघडलं नव्हतं.

"बरं, चुकलं माझं," ती म्हणाली. "पण मग ही नवी बरी ना? यात आठशे चौऱ्याहत्तर येतात."

मोरीनने दुसरी स्लिप तिच्यासमोर धरली. "यात येतात? वाच बरं."

वेंडीने वाचलं. पगार चारशे अठ्ठ्याऐंशी. टॅक्स, विमा जाऊन हातात चारशे एकोणीस. तिने पुन्हा वाचलं. मग फोनवर बँक उघडली. शुक्रवारी चारशे एकोणीस जमा झाले होते. त्याच दिवशी, दहा मिनिटांनी, दुसऱ्याच कुठल्या नावाने चारशे पंचावन्न.

"हे चारशे पंचावन्न स्लिपवर नाहीत," वेंडी म्हणाली.

"नाहीत. म्हणजे त्यावर टॅक्स गेलेला नाही. सही केलेले कागद आण."

सातव्या पानावर होतं. सदर रक्कम ही पगार नसून ऐच्छिक उचल आहे. मोरीनने ती ओळ दोनदा बोटाने गिरवली.

"उचल म्हणजे कर्ज, वेंडी. तुला पगार देतात किमान वेतनाएवढा आणि बाकीचं कर्ज म्हणून सरकवतात, कारण कर्जावर टॅक्स नसतो. टॅक्सवाले इतके दूधखुळे नाहीत. ते म्हणणार, हा पगारच आहे. आणि टॅक्स मागणार. कुणाकडे मागतील? कंपनी तोवर पाटी उतरवून गेलेली असेल. तू मात्र तुझ्या पत्त्यावर असशील."

वेंडीला त्या रात्री झोप लागली नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने गाडीत बसून गार्थविकला फोन लावला. उचलणारा गोड बोलणारा होता.

"ते चारशे पंचावन्न मला परत करायचे आहेत का?" तिने विचारलं.

"मुळीच नाही! कुणीही कधी मागणार नाही."

"मग ते कर्ज कसलं?"

"ते कर्ज नव्हे, उचल आहे."

"परत न करायची उचल? मग पगार का नाही म्हणत?"

"मिसेस सॉवर्बी, आमच्याकडे हजारो लोक समाधानी आहेत. तुमचा गैरसमज कुणी करून दिलाय का?"

"हे लेखी द्याल? की यावर टॅक्स लागणार नाही असं?"

फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. बराच वेळ वाजून आपोआप बंद झाला.

तिने त्याच दिवशी गार्थविक सोडली आणि जुन्या छत्रीकडे परत गेली. संध्याकाळी टॅक्स ऑफिसला कळवलं: तीन आठवडे, तेराशे पासष्ट पौंड, यावरचा टॅक्स सांगा, भरते. एवढ्यावर ती गप्प बसली असती तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. पण मंगळवारी ती कँटीनमध्ये उभी राहिली. स्लिप एका हातात, बँकेचा कागद दुसऱ्या हातात. तिने मोरीनने सांगितलं तसं सगळं सांगितलं.

"तुमची स्लिप काढा आणि खात्याशी ताडून बघा," ती म्हणाली. "एवढंच म्हणते मी."

कुणी स्लिप काढली नाही. सगळे डेसकडे बघत होते. डेसने चहाचा मग सावकाश खाली ठेवला.

"अडीच वर्षं आहे मी त्यात," तो म्हणाला. "काही झालं का? तुझी नणंद मासळीच्या कारखान्यात होती ना? मग तिने माशांचे पगार काढावेत."

हशा पिकला.

"डेस, मी भांडायला नाही उभी राहिले. हे तुझ्याही..."

"तुला इथे कुणी आणलं? टॉर्च धरायला कुणी शिकवलं? आणि तू माझ्याच ताटात थुंकतेस, पोरी?"

ती बसायला वळली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी त्यावर माझी पिशवी ठेवली. का ठेवली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटली असावी. तिचं खरं असेल तर मी वर्षभराचा देणेकरी होतो, आणि ते ऐकण्यापेक्षा पिशवी ठेवणं सोपं होतं. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीशी उभं राहून सँडविच खाल्लं.

त्यानंतर तिच्याशी कामापलीकडे कुणी बोलेनासं झालं. एजन्सीकडे तिने दर वाढवून मागितला. एजन्सीचा माणूस म्हणाला, "बाकी सगळे खूश आहेत. तुलाच काय खुपतंय?" पन्नास पेन्स वाढवून दिले, आणि जाता जाता म्हणाला की मार्चनंतर काम किती असेल सांगता येत नाही. ती शनिवारचीही पाळी करू लागली.

मग डिसेंबरात ती गोष्ट झाली. पाच नंबरच्या पायावरचा मोठा जोड डेसने केला होता. वेंडीने तपासणीचं यंत्र फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं. आम्ही लांबून बघत होतो. तिने खिशातून पिवळा खडू काढला आणि जोडावर वीतभर लांबीची खूण केली.

जोड नापास.

डेसचा जोड नापास झालेला मी बारा वर्षांत पाहिला नव्हता. तो मचाणावरून उतरून तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"सूड घेतेस?"

"आत पोकळी आहे, डेस. दोन इंच खोल."

"पूस ती खूण."

"नाही."

कुणीतरी मागून म्हणालं, "चांगलाच दात धरून आहे की बाई." वेंडी जागची हलली नाही. तिने स्वतःच फोरमनला बोलावलं आणि म्हणाली, "माझ्यावर विश्वास नसेल तर बाहेरचा तपासनीस आणा. त्याने नाही म्हटलं तर मी आजच जाते."

बाहेरचा माणूस दुसऱ्या दिवशी आला. अर्धा तास यंत्र फिरवलं. त्याने वेंडीची खूण दोन्ही बाजूंनी बोटभर वाढवली. पोकळी तिने सांगितली त्याहून मोठी होती. डेसला तो जोड सगळ्यांसमोर घासून काढावा लागला. पूर्ण दिवस गेला त्यात. कुणी हसलं नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी माझ्या स्लिपा पहिल्यांदा बँकेच्या कागदांशी ताडून पाहिल्या, आणि पाहून ड्रॉवरमध्ये परत ठेवून दिल्या. कुणाला बोललो नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाकिटं आली. तपकिरी, टॅक्स ऑफिसची, चौदाही घरी एकाच दिवशी. माझ्या पत्रात चार हजार दोनशे पौंडांचा आकडा होता, वर व्याज. मी स्वयंपाकघरात उभा राहून ते वाचलं. बायकोने विचारलं काय आहे, तर मी विजेचं बिल म्हणालो.

गार्थविकचा फोन लागत नव्हता. त्यांची वेबसाइटही गेली होती.

डेस कामावर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं की त्याचे अडीच वर्षांचे अकरा हजार निघालेत. आणखी कुणी म्हणालं, "अकरा हजार गेले खड्ड्यात, आम्हाला फसवल्याचे पैसे त्याच्याकडून घेईन मी." मी उठलो आणि तपासणीच्या खोलीत वेंडीकडे गेलो. तीन-साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा.

"मी पिशवी..." मी सुरुवात केली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "डेसची गाडी घरी आहे का?"

"माहीत नाही."

"बायको दोन वर्षांपूर्वी सोडून गेलीय त्याची. तो एकटा असतो तिथे, कीथ. चल, गाडी काढ."

क्लीथॉर्प्सला त्याच्या घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. वाटभर ती पाय हलवत राहिली. गाडी दारात होती. दुपारचे दोन वाजले होते आणि सगळे पडदे बंद. बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून काही नाही. मी मागचं दार पाहून आलो. तेही बंद. शेजारीण म्हणाली, रविवारपासून पाहिलं नाही त्याला.

वेंडी गुडघ्यांवर बसली आणि पत्रं टाकायची फट उघडून आत ओरडली, "डेस! डेस टास्कर! दार उघड, नाहीतर मी तोडते. कुठे धक्का मारायचा ते तूच शिकवलंयस मला!"

काही नाही. मी पोलिसांना फोन करायला मोबाइल काढला, तेवढ्यात आत जिन्याचं लाकूड करकरलं.

"जा इथून," डेसचा आवाज आला. अगदी बारीक.

"नाही जाणार."

"सांगायला आलीस ना, मी म्हटलं होतं म्हणून? झालं. सांगितलंस. आता जा."

"मला नाही सांगायचं काही. मोरीनने काय काय करायचं ते लिहून दिलंय. ते तुला वाचून दाखवायचंय. बाहेर थंडी आहे, डेस."

बऱ्याच वेळाने कडी निघाली. चार दिवसांची दाढी, अंगात तोच कामाचा शर्ट. टेबलावर ते पत्र, आणि शेजारी एका कागदावर नावं. आमची तेरा नावं, वेंडीचं चौदावं, प्रत्येकासमोर दीडशे.

"मी विकलं तुम्हाला," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "एकेकाला दीडशेला."

राग होता माझ्या मनात, खोटं कशाला सांगू. पण तो माणूस इतका मोडलेला होता की राग काढायचा कशावर?

"तुला ठाऊक होतं?" वेंडीने विचारलं.

त्याने नावांचा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "पहिल्या महिन्यात कळलं होतं की स्लिप आणि खातं जुळत नाही. विचारलं त्यांना. म्हणाले, वकिलाने पास केलंय. मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून खरं वाटलं."

वेंडीने किटली लावली. मोरीनचा कागद उलगडला. सगळ्या स्लिपा, बँकेचे कागद, सह्यांची पानं गोळा करायची. पत्रावरच्या नंबरला मुदतीच्या आत फोन करायचा, लपवायचं काही नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागायचे. आणि कुणी नवी कंपनी फोन करून तुमचं प्रकरण मिटवून देतो म्हणाली तर फोन ठेवायचा.

"मी नाही करू शकत हा फोन," डेस म्हणाला.

"मी लावते. बोलायचं तू."

पन्नास मिनिटं तेच ते संगीत वाजत राहिलं. डेस दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला होता. दोनदा उठून जायला निघाला, दोनदा वेंडीने नुसतं बघितलं आणि तो बसला. शेवटी पलीकडून एका बाईने नाव विचारलं. त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मला जे पैसे मिळाले ते पगारच होते. मला माहीत होतं."

त्याला सहा वर्षांचे हप्ते मिळाले, मला तीन. मी त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग स्वतःच हप्त्यांची वही घातली. डेसने स्वतःची छोटी होडी विकली. त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी तो स्वतः गेला आणि दीडशे पौंड दिले. दोघांनी दार लावून घेतलं. एकाने पैसे घेतले आणि शिवी दिली. बाकीच्यांनी नुसते पैसे घेतले. वेंडीच्या दारात त्याने पाकीट धरलं तेव्हा ती म्हणाली, "दे," आणि मोजून घेतले. माफ केलंस का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "ते वेगळं खातं आहे, कीथ."

मार्चमध्ये तिचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. मे महिन्यात तिला हंबर नदीच्या पलीकडे काम मिळालं, ताशी एकोणतीस पौंडांनी. सही करण्याआधी तिने एजन्सीकडून ते हिशेबाचं पान मागून घेतलं आणि मोरीनबरोबर ओळ न् ओळ वाचलं. दोन ठिकाणी प्रश्न विचारले. एजन्सीची मुलगी वैतागली म्हणे, पण उत्तरं दिली. सही त्यांना शुक्रवारीच हवी होती. वेंडीने ती सोमवारी केली.